घरातल्या खुनात जन्मठेप झाली, तर उच्च न्यायालयातले अपील कसे चालवायचे

पत्नीच्या, भावाच्या किंवा बापाच्या खुनात घरातल्याच माणसाला सत्र न्यायालयाने जन्मठेप दिली, की घराचे दोन तुकडे होतात. एका बाजूला गेलेल्याचे दुःख, दुसऱ्या बाजूला आत गेलेल्याची धावपळ. पहिले आठवडे बहुधा ‘जज्जसाहेबांनी आमचं ऐकलंच नाही’ या बोलण्यात जातात, आणि मुदत मात्र पळत असते. अपिलात घरच्यांचे म्हणणे ऐकले जात नाही. खटल्याच्या नोंदीत जे आहे तेच तपासले जाते. म्हणून पहिल्या दिवसापासून मेहनत कागदांवर करायची. हे टिपण महाराष्ट्रातल्या खटल्यांसाठी आहे.

निकालाच्या दिवशी

कैदेची शिक्षा झाली की निकालपत्राची प्रत आरोपीला तिथल्या तिथे आणि विनामूल्य मिळाली पाहिजे. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 363 मध्ये हे होते, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 404 मध्ये आहे. ती प्रत घेतल्याशिवाय कोर्टातून निघू नका, कारण आरोपीला तिथूनच कारागृहात नेतात आणि मग प्रत त्याच्या सामानात अडकून राहते. त्याच दिवशी नक्कल विभागात आणखी प्रमाणित प्रतींसाठी अर्ज टाका. निकालपत्रासोबत सगळ्या साक्षी, सगळ्या निशाण्या (कोर्टाने क्रमांक देऊन पुराव्यात घेतलेली कागदपत्रे), दोषारोप, आरोपीचा कलम 313 खालचा जबाब (न्यायाधीशांच्या प्रश्नांना त्याने दिलेली उत्तरे; नव्या संहितेत कलम 351) आणि रोजनामा (कोर्टाच्या रोजच्या कामकाजाची नोंद) मागा. रोजनामा बरेच जण मागत नाहीत. एखाद्या साक्षीच्या दिवशी आरोपीला वकीलच नव्हता, किंवा उलटतपासणी ‘नाही’ म्हणून बंद केली, हे रोजनाम्यातूनच दिसते.

वकीलपत्रावर आरोपीची सही तुरुंग अधिकाऱ्याच्या साक्षांकनासह लागते. आरोपीला येरवडा, कळंबा, हर्सूल, नाशिकरोड, नागपूर किंवा अमरावतीच्या मध्यवर्ती कारागृहात हलवले असेल, तर या सहीलाच आठवडा जाऊ शकतो. तो हिशेबात धरा.

मुदत

सत्र न्यायालयाने खटला चालवून शिक्षा दिली की अपील थेट उच्च न्यायालयात जाते. जुने कलम 374(2), नवे 415(2). मुदत 60 दिवसांची. फाशीची शिक्षा असेल तर 30 दिवस. फाशी कायम करण्यासाठी सत्र न्यायालय प्रकरण आपणहून उच्च न्यायालयाकडे पाठवतेच, पण त्यावर विसंबून स्वतःचे अपील टाळू नये. निकालाचा दिवस मुदतीत मोजत नाहीत. नक्कल तयार व्हायला लागलेला काळही वगळला जातो, म्हणून नकलेच्या मागचे अर्जाचा दिनांक, तयार झाल्याचा दिनांक आणि दिल्याचा दिनांक हे तिन्ही शिक्के नीट उमटले आहेत का ते पाहून घ्या.

मुदत हुकली म्हणजे सगळे संपले असे नाही. विलंब माफीचा अर्ज करता येतो आणि जन्मठेपेच्या कैद्याच्या बाबतीत न्यायालये सहसा उदार असतात. पण कारणे दिनांकांसह लिहा. ‘गरिबीमुळे उशीर झाला’ एवढ्या एका ओळीने भागत नाही. शिक्षा कधी झाली, नक्कल कधी मिळाली, पहिल्या वकिलाने कागद कधी परत केले, विधी सेवेकडे अर्ज कधी गेला, हे सगळे क्रमाने यायला हवे.

पैसे नसतील तर

कोठडीतल्या व्यक्तीला उत्पन्न कितीही असले तरी विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 च्या कलम 12 प्रमाणे मोफत वकील मिळतो. कारागृहातल्या विधी सेवा केंद्रात अर्ज द्यायचा, किंवा 15100 या क्रमांकावर विचारायचे. तिथून प्रकरण उच्च न्यायालय विधी सेवा समितीकडे जाते. दुसरा मार्ग जेल अपिलाचा. कैदी स्वतः अर्ज लिहून अधीक्षकांकडे देतो आणि ते तो उच्च न्यायालयात पाठवतात. हा अर्ज एका पानाचा असला तरी मुदत वाचते, आणि सविस्तर मुद्दे नेमलेला वकील नंतर मांडू शकतो. मात्र जेल अपील गेल्यावर बाहेरून खासगी वकील लावला, तर त्याला जेल अपिलाची माहिती जरूर द्या. दोन अपिले दोन वाटांनी गेली की कार्यालयात गोंधळ होतो आणि सुनावणी लांबते.

कुठे दाखल करायचे

खटला ज्या जिल्ह्यात चालला त्यावर खंडपीठ ठरते. विदर्भातले जिल्हे नागपूरला. मराठवाडा, अहिल्यानगर, जळगाव, धुळे आणि नंदुरबार छत्रपती संभाजीनगरला. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गची प्रकरणे 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे. बाकीचे जिल्हे मुंबईला. जन्मठेपेचे अपील दोन न्यायमूर्तींसमोर चालते.

अपिलाच्या मसुद्यात पोलीस ठाणे, गुन्हा रजिस्टर क्रमांक, सत्र खटला क्रमांक, निकालाचा दिनांक, कलमे, शिक्षा, दंड आणि आतापर्यंत भोगलेली कैद अचूक लिहा. घटना 1 जुलै 2024 च्या आधीची असेल तर गुन्ह्याचे कलम भारतीय दंड संहितेचे 302, नंतरची असेल तर भारतीय न्याय संहितेचे 103. प्रक्रियेसाठी जुने आणि नवे दोन्ही कलम क्रमांक शीर्षकात टाकलेले बरे.

एकाच घरातले तिघे दोषी ठरले असतील, समजा नवरा, सासू आणि दीर, तर तिघांचा वकील एकच ठेवावा का? पैशाच्या दृष्टीने हे सोपे वाटते, पण बचाव एकमेकांना छेद देत असेल तर ठेवू नये. सासू त्या रात्री शेजारच्या गावी होती हे तिचे म्हणणे मान्य झाले, की घरात नवरा एकटाच उरतो. हे दोन मुद्दे एकच वकील सारख्याच जोराने मांडू शकत नाही, आणि बहुतेक वेळा नुकसान होते ते ज्याच्याविरुद्ध पुरावा सगळ्यांत कमी आहे त्याचे.

जामीन

जन्मठेपेत शिक्षा स्थगित करण्याचा अधिकार सत्र न्यायालयाला नाही. तो अर्ज उच्च न्यायालयातच करायचा. जुने कलम 389, नवे 430. सरकारी वकिलाला लेखी म्हणणे मांडण्याची संधी द्यावीच लागते, त्यामुळे पहिल्या तारखेला आदेश होईल अशी अपेक्षा ठेवू नका. मयताचे नातेवाईकही वकिलामार्फत विरोध करू शकतात, आणि घरातल्या प्रकरणात ते बहुधा करतातच.

खून सिद्ध झाल्यावर जामीन हा अपवाद आहे. निकालपत्र वरवर वाचतानाच ठसठशीत चूक दिसते का, एवढेच या टप्प्यावर पाहिले जाते. सगळा पुरावा पुन्हा तोलत नाहीत. म्हणून जामिनाच्या अर्जात वीस मुद्दे नकोत, सगळ्यांत भक्कम असे दोन-तीन हवेत. खटला चालू असताना आरोपी जामिनावर होता आणि त्याने एकही अट मोडली नाही, हा मुद्दा उपयोगी पडतो. वय, आजारपण आणि मुलांना सांभाळणारे दुसरे कोणी नसणे हेही कागदोपत्री दाखवा. पहिला अर्ज फेटाळला गेला आणि अपील वर्षानुवर्षे सुनावणीला आले नाही, तर पुन्हा अर्ज करता येतो. अपील वाजवी काळात ऐकता येत नसेल तर माणसाला आत ठेवणे न्याय्य नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1977 साली काश्मिरा सिंग प्रकरणात सांगितले आहे.

खरे काम: नोंद वाचणे

दाखल झाल्यावर उच्च न्यायालय खालच्या कोर्टातून मूळ रेकॉर्ड मागवते आणि त्याचे पेपर बुक (न्यायमूर्तींनी वाचायचा कागदांचा संच) तयार होते. मराठी साक्षी आणि पंचनामे इंग्रजीत होतात, आणि इथे चुका शिरतात. वेळ, अंतर, कोणी कोणाला पाहिले, दार आतून बंद होते की बाहेरून, या जागी भाषांतर मूळ मराठीशी ताडून पाहा. ज्याला खटल्याची माहिती आहे असा घरातला एखादा माणूस हे काम वकिलापेक्षा चांगले करू शकतो. घरच्यांनी करण्याजोगे सर्वांत मोलाचे काम हेच, असे आम्हाला वाटते.

एक मोठा तक्ता करा. डावीकडे साक्षीदार क्रमांक आणि त्याचे मयताशी व आरोपीशी नाते. पुढे सरतपासणीतले (साक्षीदाराला बोलावणाऱ्या बाजूच्या वकिलाने विचारलेल्या प्रश्नांतले) मुख्य विधान, उलटतपासणीतली कबुली, आणि पोलिसांसमोरच्या जबाबात नसलेली पण कोर्टात नव्याने आलेली गोष्ट. या शेवटच्या रकान्याची जागा मोठी ठेवा. पोलीस जबाबात ‘नवरा-बायकोत कुरबुर होती’ आणि कोर्टात ‘तो तिला रोज जिवे मारण्याची धमकी देत होता’ अशी वाढ झाली असेल, तर ती उलटतपासणीत साक्षीदाराला दाखवली गेली का आणि तपास अधिकाऱ्याकडून सिद्ध करून घेतली गेली का, हे पाहा. यांतले एकही राहिले असेल तर त्या विसंगतीचा फायदा अपिलात मिळणे कठीण असते.

चार भिंतींच्या आतला गुन्हा

घरातल्या खुनात प्रत्यक्षदर्शी क्वचित असतो. सरकार पक्षाचा सगळा डोलारा बहुधा एकाच वाक्यावर उभा असतो: आरोपी घरात होता, काय झाले ते त्यानेच सांगायचे. याचा आधार पुरावा अधिनियमाचे कलम 106, आता भारतीय साक्ष अधिनियमाचे कलम 109. विशेष माहितीतली गोष्ट ज्याला ठाऊक आहे त्याने ती सिद्ध करावी, असे ते कलम म्हणते.

2006 सालच्या त्रिमुख मारोती किरकन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात सासरच्यांनी साप चावल्याचे सांगितले आणि शवविच्छेदनात गळा दाबल्याचे निघाले. घराच्या आत घडलेल्या गुन्ह्यात सरकार पक्षावरचा भार तुलनेने हलका असतो आणि घरातल्यांनी पटेल असा खुलासा दिला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने तिथे म्हटले. तुमच्या निकालपत्रातही हाच निवाडा बहुधा असेल. त्याच्यापासून पळू नका. दुसरी बाजू तितक्याच ठामपणे मांडा. 2021 मध्ये शिवाजी चिंतप्पा पाटील प्रकरणात पत्नीच्या मृत्यूबद्दल दोषी ठरलेल्या पतीला सोडताना सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की कलम 106 सरकार पक्षाला त्याच्या मूळ जबाबदारीतून सोडवत नाही. आधी पायाभूत गोष्टी सिद्ध व्हाव्या लागतात, मगच खुलाशाचा प्रश्न येतो.

म्हणून तक्त्यात या पायाभूत गोष्टी एकेक करून तपासा. मृत्यू खुनाचाच आहे हे वैद्यकीय पुराव्याने निःसंशय झाले आहे का? आरोपी मृत्यूच्या वेळी घरात होता हे कोणी सांगितले, की फक्त ‘तो तिथेच राहतो’ एवढ्यावर धरून चालले? मृत्यूची वेळ शवविच्छेदन अहवालात किती तासांच्या पट्ट्यात आहे, आणि त्या पट्ट्यात आरोपीची कारखान्यातली पाळी, दूध डेअरीवरची नोंद किंवा शेजाऱ्याने पाहिल्याची साक्ष बसते का? घरात आणखी कोण झोपले होते? मागचे दार होते का आणि घटनास्थळाच्या पंचनाम्यात त्याचा उल्लेख आहे का? पंचनाम्याचा नकाशा आणि साक्षींमधले घराचे वर्णन यांत फरक निघतो तेव्हा तो साधा दिसतो, पण खटल्याचा निकाल त्यावर फिरू शकतो.

परिस्थितिजन्य पुराव्याची कसोटी 1984 सालच्या शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या पुण्याच्या प्रकरणात घालून दिली आहे. पत्नीच्या विषबाधेने झालेल्या मृत्यूत सत्र न्यायालयाने फाशी दिली, उच्च न्यायालयाने ती कायम केली आणि सर्वोच्च न्यायालयाने आरोपीला निर्दोष सोडले. प्रत्येक दुवा पूर्ण सिद्ध हवा, सगळे दुवे फक्त आरोपीच्या दोषाकडेच बोट दाखवणारे हवेत आणि दुसरी कोणतीही शक्यता उरता कामा नये. आरोपीने खोटे सांगितले, हा तुटलेल्या साखळीतला हरवलेला दुवा होऊ शकत नाही. याच निवाड्यातला आणखी एक मुद्दा फार उपयोगाचा आहे. जी परिस्थिती आरोपीला 313 च्या जबाबात विचारलीच नाही, ती त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही. निकालपत्रातली प्रत्येक विरोधी बाब त्या प्रश्नोत्तरांत सापडते का, ते एकेक ओळ करून पाहा.

कुठे कच्चेपणा निघतो

गळफास की गळा आवळणे, हा प्रश्न असेल तर व्रणाची दिशा वाचा. गळफासात तो सहसा मानेच्या वरच्या भागात, तिरपा आणि गाठीपाशी तुटलेला असतो. गळा आवळल्यावर आडवा, खाली आणि मानेभोवती सलग असतो. डॉक्टरांनी आत्महत्येची शक्यता उलटतपासणीत मान्य केली असेल, तर ते वाक्य अपिलाचा कणा आहे.

भाजलेल्या प्रकरणात मृत्युपूर्व जबाब. खुशाल राव विरुद्ध मुंबई राज्य या 1958 च्या निवाड्यापासून विश्वासार्ह मृत्युपूर्व जबाब एकटाही पुरतो, आणि 2002 च्या लक्ष्मण विरुद्ध महाराष्ट्र राज्य या घटनापीठाच्या निवाड्यानंतर डॉक्टरांचे प्रमाणपत्र नाही एवढ्यावर तो पडत नाही. म्हणून ‘डॉक्टरची सही नाही’ यावर सगळी भिस्त ठेवणे वाया जाते. त्याऐवजी एकाहून जास्त जबाब आहेत का आणि त्यांत कोणाचे नाव, कोणते कारण बदलले, हे पाहा. जबाबाआधी माहेरचे किती वेळ जवळ होते, कोणते गुंगीचे औषध दिले होते, केस पेपरवर दाखल होताना इतिहास काय लिहिला आहे? केस पेपरवरचा तो पहिला इतिहास कोणी वाचत नाही, आणि नेमके तिथेच ‘स्टोव्हचा भडका’ असे लिहिलेले निघते.

मुद्देमालाचा प्रवासही शोधा. कपडे कधी जप्त झाले, सील कधी केले, मुद्देमाल रजिस्टरला नोंद आहे का, प्रयोगशाळेत किती दिवसांनी पोचले? नवऱ्याच्या कपड्यावर बायकोचे रक्त असणे पुरावा खरा, पण त्यानेच तिला उचलून दवाखान्यात नेले असेल तर त्याचे वजन घटते. जखमीला कोणी आणले हे दवाखान्याच्या नोंदीत असते.

घरातले मूल साक्षीदार असेल तर सावध राहा. 1997 च्या दत्तू रामराव साखरे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निवाड्याप्रमाणे बालसाक्षीदारावर एकट्यावरही शिक्षा होऊ शकते. त्याला प्रश्न समजतात का हे न्यायाधीशांनी तपासले का, घटनेनंतर ते कोणाकडे राहत होते आणि जबाब किती दिवसांनी नोंदला, हे मुद्दे उचला. मुलावर आरोप करण्याची भाषा मात्र अपिलात नको. कोर्टाला ती रुचत नाही, आणि ते मूल उद्या तुमच्याच घरात परतायचे असते.

निर्दोष नव्हे, पण खूनही नव्हे

मृत्यू आरोपीच्या हातून झाला हे पुराव्यात स्वच्छ असेल, तर ‘तो तिथे नव्हताच’ हे रेटण्याने पर्यायी मुद्द्याची विश्वासार्हताही जाते. अचानक भांडण, हाताशी आलेली वस्तू, एकच घाव, पूर्वतयारी नाही, नंतर स्वतःच दवाखान्यात नेणे. अशा वेळी खुनाचे कलम सदोष मनुष्यवधात बदलता येते: भारतीय दंड संहितेचे कलम 304, भारतीय न्याय संहितेत 105. कलम 304 च्या दुसऱ्या भागात कमाल शिक्षा दहा वर्षे आहे. आधीच सात-आठ वर्षे आत काढलेली असतील तर ‘भोगलेली शिक्षा पुरे’ असा आदेश होऊ शकतो. 2000 सालच्या कालू राम प्रकरणात नशेत बायकोवर रॉकेल ओतणाऱ्या नवऱ्याने नंतर पाणी ओतून तिला वाचवण्याची धडपड केली, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा 304 च्या दुसऱ्या भागात आणली. हा पर्यायी मुद्दा अपिलाच्या मसुद्यातच लिहा. ऐनवेळी तोंडी मांडला तर पुराव्यातून तो उलगडून दाखवायला वेळ मिळत नाही.

घटनेच्या वेळी आरोपी अठराच्या आत होता का, हेही एकदा तपासा. हा मुद्दा कोणत्याही टप्प्यावर घेता येतो. आधी शाळेचा दाखला किंवा परीक्षा मंडळाचे प्रमाणपत्र, ते नसेल तर ग्रामपंचायतीची किंवा नगरपालिकेची जन्मनोंद.

मिटवामिटवीचा मोह

दोन्ही घरांनी बसून समेट केला आणि माहेरच्यांनी प्रतिज्ञापत्र दिले, तर काम होईल, असे गावात बरेच जण सांगतात. होत नाही. खून तडजोडीने मिटणारा गुन्हा नाही. साक्ष दिलेल्या मामाने आता ‘मी खोटे बोललो’ असे लिहून दिले तर अपिलात त्याला किंमत नाही, उलट त्याच्यावर खोट्या साक्षीची कारवाई होऊ शकते, आणि दबाव टाकल्याचे निघाले तर आरोपीचा जामीन जातो. जादा पुरावा घेण्याची तरतूद आहे, जुने कलम 391, नवे 432. पण ती खटल्याच्या वेळी खरोखर मिळूच शकत नव्हता अशा पुराव्यासाठी, बचावातली भोके बुजवण्यासाठी नाही.

मयताच्या आईवडिलांना आणि मुलांनाही हक्क आहेत. त्यांना नुकसानभरपाईसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. आरोपीला हलक्या कलमाखाली दोषी धरले असेल तर त्याविरुद्ध ते स्वतंत्र अपील करू शकतात. मुलांचा ताबा, शाळेची फी, मयताच्या नावावरची जमीन, या गोष्टी अपिलाशी बांधून सौदा करू नका. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम 25 प्रमाणे खून करणाऱ्याला मयताचा वारसा मिळत नाही, तेव्हा निकाल लागेपर्यंत त्या मिळकतीचे व्यवहार थांबवलेले बरे.

सुनावणी आणि नंतर

ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर सीएनआर क्रमांकाने (प्रकरणाचा स्वतंत्र ओळख क्रमांक) तारीख पाहत राहा. अंतिम सुनावणीच्या यादीत प्रकरण अचानक वर येते आणि वकील दुसऱ्या कोर्टात अडकलेला असतो. जामिनावर असलेल्याने पत्ता बदलला तर न्यायालयाला कळवा, नाहीतर नोटीस परत जाऊन अजामीनपात्र वॉरंट निघते. अपील चालू असताना आरोपी मरण पावला तर अपील संपते. आईवडील, पती-पत्नी, मुले किंवा भावंडे यांना मृत्यूपासून 30 दिवसांत अर्ज करून ते पुढे चालवता येते. नावावरचा डाग पुसण्यासाठी असा अर्ज करावा असे वाटत असेल, तर हे तीस दिवस सुतकात जाऊ देऊ नका.

निर्दोष सुटका झाली तर सहा महिन्यांचा जातमुचलका द्यावा लागतो, म्हणजे वरच्या न्यायालयाने बोलावल्यास हजर राहण्याची हमी. आदेशाची प्रत कारागृहात पोचली का याचा स्वतः पाठपुरावा करा. दुसऱ्या प्रकरणात हजेरी वॉरंट (कैद्याला त्या कोर्टापुढे हजर करण्याचा आदेश) बाकी असेल तर सुटका तिथेच अडते. अपील फेटाळले गेले तर सर्वोच्च न्यायालयात विशेष अनुमती याचिकेसाठी 90 दिवस मिळतात, आणि आरोपी जामिनावर असेल तर आधी शरण जाऊन त्याचा दाखला जोडावा लागतो, किंवा शरण जाण्यातून सूट मागावी लागते. तिथेही विधी सेवा समितीचा मोफत वकील मिळतो. वकील मागण्याच्या अर्जासोबत उच्च न्यायालयाच्या निकालाची नक्कल आणि मराठी साक्षींचा तुम्ही केलेला तक्ता पाठवा.